गरुडाचे नाजूक अंडे

अमेरिकेच्या राजमुद्रेवर १७८२ पासून पांढऱ्या डोक्याचा गरुड आहे. बळाचे, नेतृत्वाचे प्रतीक म्हणून. तरी १९६३ मध्ये, अलास्का वगळता, त्याच्या घरटी करणाऱ्या अवघ्या ४१७ जोड्या आढळल्या. शिकारीला तर १९४० पासूनच बंदी होती. मग झाले काय?

अन्नसाखळी फळ्यावर काढताना आपण गरुड अगदी वर दाखवतो. नेमके तेच त्याला भोवले. फवारलेले डीडीटी पाण्यात उतरले, तिथून सूक्ष्मजीवांत, मग माशांत. ते चरबीत साठते, म्हणून दर पायरीला वाढत जाते. मासे खाणाऱ्या गरुडाच्या शरीरात त्याचे डीडीई होई आणि अंड्याच्या कवचाला पुरेसे कॅल्शियम मिळेना. उबवायला बसलेल्या पक्ष्याच्या वजनानेच अंडी फुटत.

१९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली. २००७ मध्ये गरुड धोक्याच्या यादीतून बाहेर पडला. (कायद्याने ‘राष्ट्रीय पक्षी’ मात्र तो २०२४ च्या डिसेंबरात झाला!)