तीसपैकी अठरा म्हणजे किती?

"तुमचा जिल्हा कोणता?"

औसा तालुक्यातल्या एखाद्या पंच्याऐंशीच्या आजीला डॉक्टरांनी स्मरणशक्तीच्या चाचणीत असं विचारलं आणि तिने "उस्मानाबाद" म्हटलं, तर त्या प्रश्नाचा गुण गेला. पण लातूर जिल्हा झाला १९८२ साली. तोवर आजीचा जन्म, लग्न, लेकरंबाळं सगळं उस्मानाबाद जिल्ह्यातच झालेलं. त्या जिल्ह्याचंही नाव आता धाराशिव. आजी विसरली, की तिच्या तोंडात जुनं नाव बसलंय? नुसत्या आकड्यावरून हे कळत नाही.

शेवटी मुलाच्या हाती कागद येतो, त्यावर ३० पैकी १८. शाळेच्या सवयीने आपण लगेच टक्केवारी काढतो, साठ टक्के. इथेच पहिली चूक होते.

ही चाचणी बहुधा एमएमएसई, म्हणजे मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, असते. मार्शल फोलस्टीन, सुझन फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ती १९७५ साली अमेरिकेत मांडली. आज काय वार, काय तारीख, आपण कुठे आहोत, याचे दहा गुण. तीन शब्द लगेच म्हणून दाखवायचे, त्याचे तीन. थोड्या वेळाने तेच आठवायचे, त्याचे तीन. शंभरातून सात-सात वजा करत जायचं, त्याचे पाच. उरलेल्या नऊ गुणांत वस्तू ओळखणं, सांगितलेलं करणं, वाचणं, एक वाक्य लिहिणं आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढणं. म्हणजे जिला आपण स्मरणशक्तीची चाचणी म्हणतो, तिच्यात थेट आठवणीचे गुण थोडेच. बाकीचा बराच भाग शाळेची पायरी चढलेल्या माणसाला सोपा जाणारा.

आणि मराठवाड्यातली ही पिढी? आज जे पंच्याऐंशी-नव्वदीत आहेत, त्यांचं शाळेत घालायचं वय झालं ते निजामाच्या राजवटीत. खेड्यात शाळा तुरळक, मुलींनी जाणं त्याहून दुर्मीळ, आणि वरच्या वर्गांत गेलं तर माध्यम उर्दू. ज्या हाताने जन्मभर खुरपं धरलं, त्या हातात पेन्सिल देऊन पंचकोन मागायचा आणि वाकडा आला की मेंदूला दोष द्यायचा, हा काही न्याय नव्हे.

अमेरिकेतही हेच दिसलं होतं. १९९३ साली तिथल्या अठरा हजारांवर प्रौढांचे गुण प्रसिद्ध झाले. नऊ किंवा जास्त वर्षं शाळा शिकलेल्यांचा मध्यक गुण २९, पाच ते आठ वर्षंवाल्यांचा २६ आणि चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२. त्यामुळे आजीचे १८ आणि निवृत्त हेडमास्तरांचे १८ हे एकच १८ नव्हेत. हेडमास्तरांच्या घरी जास्त काळजी करावी लागेल.

आपल्याकडे यावर तोड निघाली ती हरियाणातल्या बल्लभगडला. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या निरक्षर वृद्धांसाठी एमएमएसईचा हिंदी अवतार तयार केला आणि १९९५ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात वाक्य लिहिण्याऐवजी स्वतःच्या घराबद्दल काही सांगायचं. वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरचा करतो तसं करायचं. पुढे आयसीएमआरने तेलुगू आणि कन्नडसह काही भारतीय भाषांमध्ये चाचण्यांचा संच बांधला. देगलूर-बिलोलीकडे काही घरांत तेलुगू बोलतात, निलंगा-उदगीरकडे काही घरांत कन्नड, किनवटच्या बंजारा तांड्यावर गोरमाटी. त्यामुळे चाचणी कोणत्या भाषेत झाली, हे नातेवाइकांनी विचारलंच पाहिजे. चष्मा होता का, ऐकू येत होतं का, हेसुद्धा. ऐकूच न आलेला शब्द आठवणार कुठून?

दुसऱ्या बाजूचा धोकाही तेवढाच मोठा आहे. "मायला बहात्तरचा दुष्काळ सगळा पाठ आहे, तिला कशाचा विसर?" असं घरचे बिनधास्त सांगतात. खडी फोडायला कुठे गेलो, मिलोची भाकरी कशी लागायची, ती सगळं सांगते. किल्लारीच्या भूकंपाची पहाटही सांगते. अल्झायमरमध्ये जुनं मागाहून जातं. आधी जातं ते आत्ताचं. सकाळी कोण येऊन गेलं, औषध घेतलं का, जेवण झालं का. म्हणून एकूण गुणांपेक्षा कुठले गुण गेले ते पाहावं. पंचकोन आणि वजाबाकी गेली, पण तिन्ही शब्द आठवले, तर चित्र वेगळं. वाचन-लेखन ठीक, पण पाच मिनिटांपूर्वी शब्द दिले होते हेच आठवत नाही, तर मामला गंभीर.

दोन चाचण्यांची तुलनाही सावधपणे करावी. गेल्या वर्षी १८, यंदा १७, म्हणून घाबरायचं कारण नाही. झोप, ताप, परकी खोली एवढ्यानेही दोन-तीन गुण हलतात. अल्झायमरमध्ये सरासरीने वर्षाला तीनेक गुण उतरतात, पण तो वेगही प्रत्येकाचा निराळा. त्यात बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य असेल तर गुण त्यानेही घसरतात, आणि उपचाराने ते सावरू शकतात. लघवीच्या संसर्गाने तर धडधाकट म्हातारं माणूस दोन दिवसांत बरळू लागतं. रक्ततपासणी टाळून नुसत्या कागदावर "म्हातारचळ" ठरवणं म्हणूनच महागात पडतं.

बल्लभगडच्याच कामातून आणखी एक प्रश्नावली निघाली. ती रुग्णाला नव्हे, घरच्यांना विचारायची. जेवल्याचं विसरते का? गावात वाट चुकते का? सणवार लक्षात राहतात का? दिलेला निरोप पोचवते का? इथे अक्षरओळखीचा संबंध नाही.

नांदेड-लातूरच्या दवाखान्यांत डॉक्टरांशी बोलतो तो बहुधा मुलगा, कारण गाडी त्याची आणि फाइल त्याच्या हातात. या प्रश्नांची उत्तरं असतात सुनेकडे. गेल्या पोळ्याला पुरणात दोनदा गूळ कुणी घातला, हे तिला ठाऊक असतं. आणि ती बाहेर बाकावर बसलेली असते.