पाकिटावरच्या तारखेला काय माहीत असतं?

अमेरिकेतल्या दुकानात पावापासून गोठवलेल्या मटारापर्यंत बहुतेक पाकिटांवर कुठली ना कुठली तारीख असते. पण ती छापण्याची सक्ती तिथल्या केंद्रीय कायद्याने एकाच खाद्यपदार्थावर केली आहे: तान्ह्या बाळांना डब्यातलं दूध म्हणून देतात त्या इन्फन्ट फॉर्म्युलावर. बाकीच्या तारखा उत्पादक आपण होऊन घालतात, नाहीतर एखाद्या राज्याचा तसा नियम असतो.

त्या एका तारखेचा अर्थ मात्र काटेकोर ठरवलेला आहे. त्या दिवसापर्यंत डब्यावर छापलेलं प्रत्येक पोषकद्रव्य छापलेल्या प्रमाणाहून कमी भरता कामा नये, आणि दूध बाटलीच्या साध्या निपलमधून न अडकता यायला हवं. दुसरी अट वाचून हसू येतं, पण फार दिवस ठेवलेल्या फॉर्म्युलाचे थर वेगळे होतात आणि निपल खरंच तुंबतं. पहिल्या अटीमागे मोठं कारण आहे. मोठ्या माणसाला एखादं जीवनसत्त्व पावातून मिळालं नाही तर भाजीतून मिळतं. या बाळाचं सगळं जेवण त्या एकाच डब्यात असतं. 1978-79 मध्ये अमेरिकेत सोयाबीनपासून बनवलेल्या एका फॉर्म्युलात क्लोराइड फारच कमी पडलं, आणि ते पिणाऱ्या बाळांचं वजन वाढेना, रक्तातलं आम्ल-अल्कलीचं संतुलन बिघडलं. दूध नासलेलं नव्हतं, चवीलाही काही कळण्यासारखं नव्हतं. त्यानंतर 1980 मध्ये तिथे फॉर्म्युलासाठी स्वतंत्र कायदा झाला.

आपल्याकडे नियम बराच व्यापक आहे. एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, या संस्थेच्या 2020 च्या लेबल नियमांनुसार बंद पाकिटातल्या जवळपास प्रत्येक पदार्थावर ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख हवीच. ‘बेस्ट बिफोर’ त्याच्या जोडीला घालता येते, घातलीच पाहिजे असं नाही. दोन्हींत फरक आहे. ‘बेस्ट बिफोर’ उलटली की बिस्किटाचा कुरकुरीतपणा किंवा मसाल्याचा वास उतरलेला असू शकतो, पदार्थ धोक्याचाच झाला असं नाही. ‘एक्स्पायरी’ उलटली की तो विकायचाही नाही आणि खायचाही नाही. साखर, व्हिनेगर यांना या तारखेतून सूट आहे, कारण त्यांच्यात जंतूंना जगायला जागाच नसते. (ही तारीख काळ्या पाकिटावर काळ्या शाईत, नेमकी चुण्यांच्या पट्टीवर का छापतात, हे कोडं कुठल्याच नियमाने सुटलेलं नाही.)

तारीख ठरते कशी? पदार्थाचे नमुने वेगवेगळ्या तापमानाला आणि दमटपणाला ठेवून देतात, ठरावीक दिवसांनी उघडतात, जंतू मोजतात, चव घेतात, तेल खवट झालं का ते तपासतात. आलेल्या मुदतीतून थोडी खबरदारीची कपात करतात आणि उरलेली छापतात. म्हणजे ही तारीख दोन अटींवर उभी असते: पाकीट बंद आहे, आणि सांगितलेल्या तापमानालाच ठेवलं आहे. अटी मोडल्या तरी शाईतला आकडा बदलत नाही.

दुधात हे लख्ख दिसतं. पिशवीतलं दूध साधारण 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद तापवून लगेच थंड करतात. रोग करणारे जंतू त्यात मरतात, उष्णता सोसणारे काही उरतात, म्हणून पिशवीला फ्रीज लागतो आणि मुदत मोजक्या दिवसांची मिळते. खोक्यातलं दूध 135 अंशांच्या वर फक्त काही सेकंद तापवतात आणि कागद, प्लास्टिक व अॅल्युमिनियमचे थर असलेल्या निर्जंतुक खोक्यात हवा न लागू देता भरतात. तेच दूध फ्रीजबाहेर महिनोन्‌महिने टिकतं. ‘एवढं टिकतं म्हणजे नक्की काहीतरी घातलेलं असणार’ असं घरोघरी ऐकू येतं. त्यासाठी टिकाऊपणाचं काहीही घालावं लागत नाही, तापमान आणि खोकं एवढंच पुरतं. पण खोक्याचा कोपरा कापला की सहा महिन्यांची मुदत तिथेच संपते. आता ते फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं दूध झालं, तळाशी पुढल्या वर्षातली तारीख असली तरी.

उघडलेल्या अन्नात काय चालतं ते आकड्यांतच बघावं. ऊब, ओल आणि खायला मिळालं तर काही जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतात. एका जिवाणूपासून सुरुवात केली तर एका तासाने 8, दोन तासांनी 64, चार तासांनी चार हजारांच्या वर आणि सात तासांनी जवळजवळ 21 लाख! पहिले दोन तास काहीच घडत नाहीसं वाटतं, सगळा घोटाळा शेवटच्या तासांत होतो. 5 अंशांच्या खाली ही वाढ बहुतेकांच्या बाबतीत अगदी मंदावते, 60 च्या वर थांबते. आपला स्वयंपाकघराचा ओटा वर्षभर याच दोन आकड्यांच्या मधे असतो.

वास घेऊन बघण्याची जुनी सवय इथे अर्धीच कामाची. अन्नाला आंबूस वास आणणारे, बुळबुळीत करणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बहुधा वेगळे. दुसऱ्यांची हजेरी नाकाला कळेलच असं नाही. भाताचं उदाहरण घ्या. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजतो, बीजाणू शिजत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. या विषाला उष्णतेने काही होत नाही. सकाळी कढीपत्त्याची खमंग फोडणी दिली, भात चांगला वाफवला, तरी जिवाणू मरतील आणि विष राहील. रात्रीच पसरट ताटात निववून फ्रीजमध्ये ठेवलेल्या भाताचा फोडणीचा भात खुशाल करावा.

हे सगळं मुलांच्या बाबतीत जास्त गंभीर का होतं? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे दरवर्षी जगात सुमारे 60 कोटी माणसं आजारी पडतात आणि 4 लाख 20 हजार दगावतात. त्यातली सव्वा लाख पाच वर्षांच्या आतली मुलं असतात. तान्ह्या बाळाच्या जठरात आम्ल कमी असतं, प्रतिकारशक्ती अजून घडत असते, आणि अंगातलं पाणी इतकं थोडं की मोठ्याला थकवणारे जुलाब बाळाला काही तासांत कोरडं करतात. पाकिटावरची तारीख कोणाच्या पोटासाठी आहे, हे छापणाऱ्याला ठाऊक नसतं.

फॉर्म्युलाची पावडर निर्जंतुक असते असा सर्वसाधारण समज आहे. ती तशी नसते. कोरड्या पावडरीत क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू क्वचित तग धरून राहतो, आणि नवजात बाळाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत त्याचा संसर्ग जाऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी उकळावं, ते 70 अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर मिसळावी, मग बाटली वाहत्या पाण्याखाली धरून कोमट करावी आणि दोन तासांत पाजावी. बाळाने अर्धी ठेवलेली बाटली पुढच्या वेळेला ठेवायची नाही, कारण चोखताना लाळ आत गेलेली असते.

मधाची गोष्ट तर अगदी उलटी. मधात पाणी पाचव्या हिश्शाहूनही कमी, त्यात तो आम्लधर्मी, म्हणून वर्षानुवर्षं त्यात काही वाढत नाही. पण क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे बीजाणू त्यात झोपून राहू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात आधीच वसलेले जंतू त्यांना थारा देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती नीट झालेली नसते. तिथे बीजाणू रुजतात, विष बनतं आणि स्नायू सैल पडतात: बद्धकोष्ठ, क्षीण रडणं, मिटू लागलेल्या पापण्या, ओढता न येणारं दूध. हा आजार 1976 मध्ये अमेरिकेत ओळखला गेला. आपल्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवायची रीत आहे, बाळगुटीही मधात उगाळतात. मध कितीही शुद्ध, ताजा, ओळखीच्या माणसाकडचा असला तरी वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला देऊ नये.

शाळेच्या डब्यावर तर तारीखच नसते. सकाळी सातला भरलेला डबा बाराला उघडतो, आणि या पाच तासांत दप्तरात डब्याला ना फ्रीज असतो ना गॅस. इथे पाण्याचा हिशोब उपयोगी पडतो. जंतूंना वापरता येईल असं पाणी जितकं कमी तितका पदार्थ सुरक्षित, म्हणून चिवडा, चिक्की, लाडू दिवसभर बिनघोर राहतात. जुन्या बायका प्रवासाला दशम्या आणि कोरडी चटणी बांधून द्यायच्या, ते याच गणिताने. पोळी-कोरडी भाजी बहुधा निभावते. पनीर, मेयोनेज, उकडलेलं अंडं, ओल्या खोबऱ्याची चटणी यांना पाच तास जास्त होतात, एप्रिलमध्ये तर फारच. पोळ्यांची वाफ जिरल्याशिवाय झाकण लावू नये, नाहीतर झाकणाला जमलेलं पाणी परत पोळ्यांवर ठिबकतं. आणि डब्यात उरून घरी आलेला भात ‘वाया कशाला’ म्हणून संध्याकाळी धाकट्याला भरवू नये. त्याला सात वाजल्यापासूनचे सगळे तास लागलेले असतात.