प्राध्यापक बाबासाहेब आणि वऱ्हाड

घटनेचे शिल्पकार, बॅरिस्टर, कायदामंत्री, बोधिसत्त्व अशा अनेक रूपांत प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्याला ठाऊक आहेत. परंतु कायद्याचे प्राध्यापक बाबासाहेब आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतात. वास्तविक त्यांचे राजकारण आणि त्यांचे अध्यापन बरीच वर्षे बरोबरच चालले होते.

१९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. जून १९२८ मध्ये ते गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात हंगामी प्राध्यापक झाले आणि १ जून १९३५ रोजी त्याच कॉलेजचे प्राचार्य. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला त्यांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, १९३७ मध्ये विधिमंडळात निवडून जाऊन खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. हे सारे प्राचार्य असताना! १९३८ मध्ये त्यांनी ते पद सोडले. बढती अडेल म्हणून जयंतीच्या पावतीवर स्वतःचे नाव घालू न देणाऱ्या आमच्या काही साहेबांनी हा इतिहास एकदा नीट वाचावा.

याच प्राध्यापकाचे वऱ्हाडशी जुने नाते आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. परिषद चालू असतानाच त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी आली. अंबादेवीचा प्रश्न केवळ दर्शनाचा नव्हता, समान हक्काचा होता. सत्याग्रहाचा निर्धार झाला, पण विरुद्ध बाजूला विचार करण्यास मुदत देऊन तो पुढे ढकलण्यात आला. आधी हक्क सांगायचा, मग मुदत द्यायची आणि तरीही न ऐकल्यास लढायचे, ही कायदा जाणणाऱ्याची रीत होती. पुढे घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि २५ व्या कलमाने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार शासनाला दिला. १९२७ चा लढा १९५० मध्ये देशाच्या कायद्यात उतरला.

वऱ्हाडने ही परंपरा राजकारणातही चालवली. १९९८ च्या लोकसभेत अकोल्यातून ॲड. बाळासाहेब आंबेडकर आणि अमरावतीतून दादासाहेब गवई निवडून गेले. दोन्ही मतदारसंघ तेव्हा खुले होते. दादासाहेबांचे पुत्र न्या. भूषण गवई यांनी २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीशपद भूषविले. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण सरन्यायाधीश अमरावतीचे झाले म्हणून अमरावती जिल्ह्यातील खेड्यात मार खाल्लेल्या आमच्या माणसाची तक्रार ठाण्यात आपोआप नोंदली जाते काय?

ती नोंदवून घ्यावी लागते. आणि त्यासाठी कायदा माहीत असावा लागतो. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. दोषारोपपत्र साठ दिवसांत दाखल व्हावे लागते. प्रथम खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळाली पाहिजे. २०१६ पासून पीडित व साक्षीदारांचे हक्क कायद्यातच लिहिलेले आहेत. या गोष्टी आपल्या किती वस्त्यांत ठाऊक आहेत? ज्याला त्या ठाऊक नसतात, त्याला ठाण्यातून 'उद्या या' म्हणून परत पाठवणे फार सोपे असते.

१९५६ मध्ये, बाबासाहेबांच्या हयातीच्या अखेरच्या वर्षी, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. कायदा समाजाला शिकवला पाहिजे, ही त्यांची तळमळ शेवटपर्यंत कायम होती.

म्हणून अमरावती आणि अकोल्याच्या कोर्टात काळा कोट घालून उभे राहणाऱ्या आपल्या वकील बंधू-भगिनींना एक विनंती आहे. रविवारी वंदना झाल्यावर आपल्या जवळच्या विहारात तासभर थांबा. फळा आणि खडू एवढे पुरे. पहिल्या रविवारी फक्त फिर्याद कशी लिहावी ते शिकवा, दुसऱ्या रविवारी ती घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज कसा पाठवावा ते शिकवा. वर्गात बायांना पुढे बसवा, कारण ठाण्याच्या पायरीवर अनेकदा त्यांनाच उभे राहावे लागते. बॅरिस्टर बाबासाहेबांचे पुतळे आपण गावोगावी उभारले, आता प्राध्यापक बाबासाहेबांचा वर्ग भरवू या.

जयभीम!