त्वचेचे वावडे



मराठीच्या प्राध्यापकाने त्वचेच्या विकारावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. विषय वैद्यकाचा आहे हे खरे. परंतु त्यातील बराच भाग नावे ओळखण्याचा आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल. आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी उद्यमबागेत लेथवर उभे राहतात, कोणी रंगकाम करतात, कोणी केशकर्तनालय चालवितात. त्यांच्या हातांशी या विषयाचा प्रत्यक्ष संबंध आहे.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडविला. 'अन्य' आणि 'कार्य' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो सिद्ध झाला. एखाद्या पदार्थाशी शरीराने नेहमीहून वेगळ्या रीतीने वागणे, हा त्याचा मूळ आशय. मराठीत यासाठी 'वावडे' हा जुना आणि नेमका शब्द आहे. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली परिचित होती. 'बिबा उतणे' हा प्रयोग आठवावा. बिब्याचा रस अंगाला लागला की काहींना एकदोन दिवसांनी खाज, पुरळ आणि फोड येतात. धोबी याच रसाने कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील परदेशी सैनिकांच्या मानेवर खुणेच्या जागी चट्टे उठले, तेव्हा त्यांचे मूळ या रसात सापडले.

चट्टा लागलीच न उठता एकदोन दिवसांनी का उठतो, हे समजले की सारा विषय उलगडतो. काही रसायनांचे रेणू इतके लहान असतात की ते त्वचेत शिरून तेथील प्रथिनांना चिकटतात. त्वचेतील पहारेकरी पेशी हे परके रूप टिपून जवळच्या लसिका ग्रंथींत नेतात आणि तेथे टी-पेशी ते ओळखण्यास शिकतात. या शिक्षणाच्या काळात बाहेर काहीही दिसत नाही. मात्र तोच पदार्थ पुन्हा लागला की त्या पेशी त्वचेकडे धाव घेतात, आणि या साऱ्याला दोनतीन दिवस लागतात. ही ओळख बहुधा जन्मभर टिकते. म्हणूनच, 'हे मलम मी वर्षानुवर्षे वापरतो, ते आताच कसे बाधेल?' हा युक्तिवाद टिकत नाही. वावडे जडते ते वापरातूनच.

आता टिकाऊपणाकडे वळू. लोणचे टिकते ते मीठ, तेल आणि मोहरीमुळे. क्रीम, शाम्पू, द्रवरूप साबण, भिंतीचा रंग, यंत्रावरचे कूलंट या सर्वांत पाणी असते. आणि पाणी आले की जीवाणू व बुरशी आलीच. त्यांना आवर घालण्यासाठी जी द्रव्ये मिसळतात त्यांना परिरक्षके म्हणतात. ती अनावश्यक नव्हेत; दूषित प्रसाधनाने डोळ्यांना वा जखमेला गंभीर संसर्ग होऊ शकतो. प्रश्न आहे तो कोणते परिरक्षक आणि किती, याचा.

मेथिलआयसोथायाझोलिनोन या द्रव्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. आरंभी ते आपल्या क्लोरिनयुक्त भावंडासह एकास तीन या प्रमाणात वापरीत, आणि युरोपात प्रसाधनांमध्ये या मिश्रणाची मर्यादा दहा लाख भागांत १५ भाग एवढी होती. म्हणजे मेथिलआयसोथायाझोलिनोनचा वाटा जेमतेम ४ भागांचा. २००५ मध्ये ते एकटे वापरण्यास तेथे १०० भागांपर्यंत परवानगी मिळाली. त्याच सुमारास पॅराबेन गटाच्या परिरक्षकांविषयी लोकांत भीती पसरली होती. २००४ मध्ये एका ब्रिटिश अभ्यासात स्तनांच्या गाठींत पॅराबेन आढळले. त्यांनी कर्करोग होतो असे त्यातून सिद्ध झाले नव्हते. तरी 'पॅराबेनमुक्त' हा शब्द विक्रीस उपयोगी पडला आणि पर्यायी द्रव्यांना वाव मिळाला. पुढील दशकात युरोपातील त्वचारोग चिकित्सालयांत या नव्या वावड्याचे रुग्ण झपाट्याने वाढले. ओल्या पुसण्यांनी हातांवर व चेहऱ्यावर इसब उठे. नव्याने रंगविलेल्या खोलीत नुसते बसूनही काहींचा चेहरा सुजे, कारण हे द्रव्य ओल्या रंगातून हवेत उडते. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञसंस्थेने २०१३ साली त्याला 'वर्षातील वावडेकारक' ठरविले. अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांतून युरोपने ते २०१७ मध्ये हद्दपार केले आणि धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत २०१८ पासून १५ भागांची मर्यादा घातली. ज्या पॅराबेनला लोक भ्याले, त्याला त्याच अमेरिकन संस्थेने २०१९ मध्ये 'वर्षातील निरुपद्रवी' असा उलट मान दिला; कारण त्याचे वावडे फार क्वचित आढळते.

हे सारे परदेशात घडले म्हणून दूरचे मानू नये. माझ्या पत्नीच्या बोटांना दीड वर्ष भेगा पडत, पाणी सुटे. साबण बदलले, मलमे झाली. अखेरीस त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून परीक्षा केली. ही पॅच टेस्ट योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये पुढे आणली. पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि पुढे एकदोन दिवसांनी पुन्हा पाहतात. दोष निघाला तो याच गटातील परिरक्षकाचा. भांडी घासण्याच्या द्रवाच्या बाटलीवर लिंबाचे चित्र मोठे होते. परिरक्षकाचे नाव कोठेही नव्हते. तो द्रव बंद केल्यावर दोन महिन्यांत बोटे बरी झाली.

कारखान्यातील कामगाराला असे सहज बंद करता येत नाही. कूलंटमध्ये आयसोथायाझोलिनोन गटातील अथवा फॉर्माल्डिहाइड सोडणारी परिरक्षके असतात. हातांवर चट्टे आले की 'तेल लागले' म्हणून तो दुर्लक्ष करतो, आणि शेवटी कामच सोडण्याची पाळी येते. त्याने सुट्टीत चट्टे कमी होतात का, कामावर परतताच वाढतात का, हे पाहावे आणि वेळीच परीक्षा करून घ्यावी. कूलंटच्या सुरक्षा-माहितीपत्रकाची मागणी करावी. योग्य हातमोजे वापरावेत. रबराचेही काहींना वावडे असते, हे ध्यानात ठेवावे. परीक्षेत सापडलेले नाव कागदावर लिहून खिशात ठेवावे आणि प्रसाधन घेताना वेष्टनावरील घटकांच्या यादीशी ताडून पाहावे. 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबू नये. बिबाही नैसर्गिकच आहे.

ही यादी बारीक इंग्रजी अक्षरांत असते आणि रंगाच्या डब्यावर बहुधा नसतेच. ती आपल्या भाषेत, वाचता येईल अशा अक्षरांत असावी, ही मागणी करण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांनी या शाळेत मुलांना शब्द नीट वाचावयास शिकविले. माजी विद्यार्थी संघाने कामगारांसाठी अशा नावांचा एक मराठी तक्ता छापून कारखान्यांत लावावा, अशी माझी विनंती आहे. भाषेच्या बाजूने लागेल ते साहाय्य मी आनंदाने करीन.