मराठी चर्चमधील उपासनेसाठी संगणक व सॉफ्टवेअरची निवड : लिपीपासून यंत्राकडे

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक चर्चमध्ये आता वेदीच्या बाजूस पांढरा पडदा किंवा मोठा टीव्ही संच दिसतो. गीतांचे शब्द, शास्त्रपाठ, सामुदायिक प्रार्थना आणि सूचना त्यावर दाखविल्या जातात. ज्यांना गीतपुस्तकातील बारीक अक्षर दिसत नाही, ज्यांच्याजवळ पुस्तक नाही किंवा जे प्रथमच उपासनेस आले आहेत, अशा सर्वांना या साधनामुळे सहभागी होता येते. मात्र पडद्यावर एखादा शब्द चुकीचा उमटला तर ती चूक एका वाचकापुरती राहत नाही. संपूर्ण मंडळी तो शब्द एकाच वेळी गाते आणि पुढील पिढी तोच पाठ करते.

या साधनांची खरेदी बहुधा एका ठराविक क्रमाने होते. प्रथम संगणक घेतला जातो, मग प्रोजेक्टर, त्यानंतर त्या संगणकावर चालेल ते सॉफ्टवेअर, आणि सर्वांत शेवटी मजकुराचा विचार होतो. मराठी मंडळीसाठी हा क्रम नेमका उलटा असावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आधी मजकूर व त्याची लिपी, नंतर उपासनेची गरज, त्यानुसार सॉफ्टवेअर आणि सरतेशेवटी संगणक, या क्रमाने निर्णय घेतल्यास खर्च कमी होतो आणि केलेले काम टिकते. हे विवेचन महाविद्यालयीन सभागृहातील मराठी सादरीकरणासही बव्हंशी लागू पडते.

१. मजकूर व लिपी

संगणकावर मराठी दिसणे आणि संगणकाने मराठी मराठी म्हणून साठविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसविलेले असत. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे तीच फाइल उघडली की रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. अशा मजकुरात शोध घेता येत नाही आणि तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये थेट नेता येत नाही. अनेक मंडळ्यांकडे पूर्वी टंकलिखित केलेली शेकडो गीते याच स्वरूपात पडून आहेत.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतःचा स्वतंत्र संकेत आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. विंडोज २००० पासून विंडोजमध्येही देवनागरीची सोय झाली. त्यामुळे आज कोणतेही नवे टंकन युनिकोडमध्येच करावे आणि जुना मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून एकदा पुस्तकाशी ताडून पाहावा. परिवर्तनात जोडाक्षरे व रफार यांच्या चुका राहतात, म्हणून मुद्रितशोधन टाळू नये.

मराठीची एक विशेष अडचण येथे नोंदविली पाहिजे. ‘तारणाऱ्या’ या शब्दातील अर्धा र (डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा र) युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ या वर्णास हलन्त जोडतात. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडक संकेत येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु शोध घेताना संगणक त्यांना दोन वेगळे शब्द समजू शकतो. शिवाय मजकुराची नक्कल करताना तो अदृश्य संकेत गळून पडल्यास शब्दाचे ‘तारणार्या’ असे चुकीचे रूप होते. मंडळीच्या गीतसंग्रहासाठी या दोहोंपैकी एकच पद्धत ठरवून ती सर्व टंकलेखकांनी पाळावी. ‘ऱ’ची पद्धत त्यातल्या त्यात सुरक्षित होय.

२. उपासनेची गरज

मराठी उपासनेचा स्वतःचा एक क्रम आहे. गीत बहुधा ‘उपासना संगीत’सारख्या संग्रहातील क्रमांकाने जाहीर होते. नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) पदे असोत वा अलीकडील गीते, अनेक रचनांत प्रत्येक कडव्यानंतर धृपद पुन्हा येते. भजनी चालीच्या गीतांत एखादी ओळ किती वेळा घोळवावी हे पुढे गाणारा त्या क्षणी ठरवितो. वेळेअभावी मधली कडवी गाळली जातात. मुंबई, वसई, पुणे येथील काही मंडळ्यांत एकाच उपासनेत मराठीसोबत हिंदी, इंग्रजी किंवा कोकणीही असते.

यातून सॉफ्टवेअरविषयीच्या अपेक्षा स्पष्ट होतात. गीत क्रमांकावरून किंवा पहिल्या ओळीवरून तत्काळ सापडावे. धृपद एकदाच टंकित करून हव्या त्या ठिकाणी आपोआप यावे. कोणत्याही कडव्यावर एका कळीने जाता यावे. पुढील गीत शोधताना मंडळीला चालकाच्या पडद्यावरील धावपळ दिसू नये.

३. सॉफ्टवेअरचे पर्याय

पॉवरपॉइंट किंवा लिब्रेऑफिस इम्प्रेस यांनी सुरुवात करणे स्वाभाविक आहे. ती परिचित असतात, आणि लिब्रेऑफिस विनामूल्य आहे. उपासनेचा क्रम आधीच निश्चित असेल तर ती पुरेशी ठरतात. परंतु ही साधने व्याख्यानासाठी घडविलेली आहेत. त्यांत स्लाइड एकामागून एक सरकतात. आयत्या वेळी वेगळे गीत जाहीर झाले की चालकाला दुसरी फाइल शोधावी लागते आणि प्रत्येक कडव्यापुढे धृपदाची स्लाइड पुन्हा तयार ठेवावी लागते.

खास उपासनेसाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये गीतांचा कोश, बायबलचे वचन शोधण्याची सोय आणि त्या दिवसाची क्रमपत्रिका एकत्र असते. प्रोप्रेझेंटर हे मॅक व विंडोज या दोन्हींवर चालणारे आणि ईझीवर्शिप हे विंडोजवर चालणारे सॉफ्टवेअर या वर्गातील असून दोन्ही सशुल्क आहेत. चलत् पार्श्वभूमी, अनेक पडदे, थेट प्रक्षेपण अशा गरजा असणाऱ्या मोठ्या मंडळ्यांना त्यांचा उपयोग होतो. लहान मंडळीने मात्र खरेदीच्या रकमेबरोबरच नूतनीकरणाचा खर्चही विचारात घ्यावा.

ओपनएलपी हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यात गीताला संग्रहाचे नाव व क्रमांक देता येतो. कडवी व धृपद यांचा क्रम एकदा लिहून ठेवला की धृपद आपोआप योग्य जागी येते. त्याच नेटवर्कवरील मोबाइलवरून ते नियंत्रित करता येते. संपूर्ण गीतकोश ओपनलिरिक्स या खुल्या स्वरूपात बाहेर काढता येतो, ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी मजकूर आपल्याच हाती राहतो. फ्रीशो हा याच वर्गातील आणखी एक मुक्त पर्याय आहे.

कोणतेही सॉफ्टवेअर स्वीकारण्यापूर्वी देवनागरीची चाचणी घ्यावी. ‘ख्रिस्ताच्या’, ‘तारणाऱ्या’, ‘हृदयी’, ‘कृपाळू’ हे शब्द टंकित करून ते प्रत्यक्ष पडद्यावर पाहावेत. ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षराच्या योग्य बाजूस आहे काय, अक्षरांना बाह्यरेषा किंवा छाया दिल्यावर शिरोरेषा तुटते काय, ओळ मोडताना मात्रा व अक्षर विलग होतात काय, हे तपासावे. ही चाचणी अर्ध्या तासात होते आणि जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

४. संगणक

केवळ शब्द व स्थिर चित्रे दाखविण्यासाठी महागडा संगणक लागत नाही. ८ जीबी रॅम, एसएसडी आणि प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली ग्राफिक्स व्यवस्था असलेला साधा लॅपटॉप पुरेसा होतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा विचार चलत् पार्श्वभूमी किंवा थेट प्रक्षेपण असेल तरच करावा. अनिवार्य अट एकच आहे. चालकाचा पडदा आणि मंडळीचा पडदा यांवर वेगवेगळी दृश्ये दाखविता आली पाहिजेत. लॅपटॉपमध्ये ही सोय असतेच, आणि वीज गेल्यास त्याची बॅटरीही उपयोगी पडते. डेस्कटॉप घेतल्यास दोन व्हिडिओ जोडण्या आणि यूपीएस यांची तरतूद करावी.

देणगीरूपाने मिळालेल्या जुन्या संगणकांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते, जी अनेक जुन्या यंत्रांत नाही. अशा यंत्रावर लिनक्स व ओपनएलपी बसविल्यास ते आणखी काही वर्षे कामी येऊ शकते.

संगणक मागील बाजूस व प्रोजेक्टर पुढे असेल तर एचडीएमआय केबलची लांबी आधी मोजावी. साधी केबल साधारणतः १० ते १५ मीटरपर्यंत भरवशाची असते. त्यापुढे ऑप्टिकल केबल किंवा संकेतवर्धक घ्यावा लागतो.

५. अक्षरांचा आकार

फलकांच्या बाबतीत एक ढोबळ नियम वापरला जातो : दर १० फूट अंतरासाठी १ इंच उंचीचे अक्षर. शेवटचा बाक पडद्यापासून ६० फुटांवर असेल तर अक्षर ६ इंच उंच हवे. देवनागरीत शिरोरेषेवर मात्रा, वेलांटी व अनुस्वार आणि खाली उकार येत असल्याने एका ओळीस अक्षराच्या सुमारे दुप्पट, म्हणजे १२ इंच जागा लागते. पडद्याची उंची ५ फूट असल्यास त्यावर जेमतेम पाच ओळी बसतील, आणि समास सोडल्यास चारच. म्हणून एका स्लाइडवर चार ओळींहून अधिक मजकूर घेऊ नये. फॉन्ट जाड व एकसारख्या रेघेचा असावा. नोटो सान्स देवनागरी व मुक्त हे दोन्ही फॉन्ट विनामूल्य उपलब्ध आहेत. गडद, साध्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे वयस्क वाचकांना सुकर जातात.

६. स्वामित्वहक्क

भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्यामुळे टिळकांच्या मूळ रचना केव्हाच मुक्त झाल्या आहेत. याउलट, २०२४ साली निवर्तलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ संरक्षित आहे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मधील कलम ५२(१)(झेडए) प्रामाणिक धार्मिक विधीच्या ओघात होणाऱ्या सादरीकरणास सूट देते. परंतु संग्रह तयार करून वाटणे किंवा चित्रफीत इंटरनेटवर कायम ठेवणे यांस तीच सूट लागू आहे असे गृहीत धरू नये. अशा वेळी प्रकाशकाची लेखी अनुमती घेणे श्रेयस्कर.

७. मर्यादा

पडदा एका वेळी चारच ओळी दाखवितो. संपूर्ण गीताचा विचार, कडव्यांतील चढता भाव आणि कवीचे नाव पुस्तकाच्या पानावर एकत्र दिसते, ते पडद्यावर हरवते. म्हणून पहिल्या स्लाइडवर गीताचा क्रमांक व कवीचे नाव अवश्य द्यावे आणि गीतपुस्तके बाकांवरून हटवू नयेत. वीज किंवा यंत्र बंद पडले तरी उपासना थांबता कामा नये. त्याचप्रमाणे किमान दोन व्यक्तींना सॉफ्टवेअर चालविता यावे. गीतकोशाची एक प्रत चर्चच्या संगणकाबाहेर, साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन करावी.

समारोप

संगणक पाच-सात वर्षांत जुना होतो आणि सॉफ्टवेअरही बदलते. काळजीपूर्वक टंकित केलेला, शुद्ध, युनिकोड गीतकोश मात्र या सर्व बदलांतून पुढे नेता येतो. मर्यादित निधी असलेल्या मंडळीने सर्वाधिक श्रम या कोशावर घ्यावेत, मुक्त सॉफ्टवेअरपासून आरंभ करावा आणि संगणकावर गरजेपुरताच खर्च करावा. या कामी मराठी व संगणकशास्त्र या दोन विभागांचे प्राध्यापक एकत्र आले तर परिसरातील मंडळ्यांना शुद्धलेखन व परिवर्तन या दोन्ही बाबतींत प्रत्यक्ष साहाय्य होऊ शकेल. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली गीते टंकलिखित करणारी माणसे आज हयात आहेत तोवरच ही गीते त्यांच्याकडून तपासून घेता येतील, हे लक्षात घेऊन या कामास विलंब करू नये.