मोसंबीचा स्वाद रसात नाही, सालीत आहे!

इन्स्टाग्रामवर ‘होमब्रू’ टाइप करून बघा. अमेरिकेतला कुणीतरी गॅरेजमध्ये बादलीभर बिअर लावतोय, दुसरा त्यात किलोभर रास्पबेरी ओततोय, तिसरा आंब्याचा रस. आणि तुम्ही जालन्याचे असाल, तर डोक्यात पहिला प्रश्न हाच येणार : आपल्या मोसंबीचं काय?

प्रश्न भारी आहे, पण आधी एक गोष्ट क्लिअर करू. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरी बिअर बनवायला मोकळीक मिळाली. आपल्याकडे नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 चा आहे आणि परवान्याशिवाय कुठलंही मद्य बनवणं त्यात गुन्हा आहे. मग ती हातभट्टी असो की होस्टेलच्या खोलीतली ‘क्राफ्ट’ बिअर. बिअर प्यायचं वयसुद्धा आपल्या राज्यात 21 आहे. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न तिथेच मिटला. पण फळाचा स्वाद आंबवलेल्या पेयात कसा टिकवायचा, हे समजून घ्यायला परवाना लागत नाही. आणि मोसंबीवाल्या जिल्ह्यातल्या पोरापोरींना ते समजलं, तर त्याचा उपयोग बिअरच्या बराच पलीकडचा आहे.

आंबवणं आपल्याला नवीन नाही. ज्वारीच्या पिठाची आंबील आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतेय. बिअरमध्ये फरक एवढाच, की तिथे मुख्य काम यीस्ट करतं. यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी बाहेर टाकतं : अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. फळ टाकणाऱ्याची पहिली फसगत इथेच होते. त्याला वाटतं, गोड फळ टाकलं की बिअर गोड होणार. पण गोडवा तर यीस्टचं जेवण! तो संपतो. मागे उरतो फळाचा आंबटपणा, तुरटपणा आणि वास. त्यातला वासही हलका असतो. फळ उकळत्या काढ्यात टाकलं तर वाफेबरोबर जातो, आणि आंबणं जोरात चालू असताना टाकलं तर वर येणारा वायू त्याला बाहेर घेऊन जातो. म्हणून जाणकार लोक पहिला फेस ओसरल्यावर फळ टाकतात. बेल्जियममध्ये ‘क्रीक’ नावाची बिअर अशीच होते. आधीच आंबलेल्या ‘लँबिक’मध्ये आंबट चेरी कित्येक महिने मुरवत ठेवतात.

आता मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, बदनापूरला खास मोसंबी संशोधन केंद्र आहे. अंबड, घनसावंगीकडे ज्यांची बाग आहे त्यांना बहार, फळगळ आणि मोंढ्यातला भाव हे शब्द शिकवायला नकोत. आंबिया बहाराचा माल एकदम आला की भाव पडतो. मग ‘प्रक्रिया उद्योग काढा’ असं प्रत्येक व्यासपीठावरून सांगितलं जातं. पण मोसंबीवर प्रक्रिया करताना घोडं कुठे अडतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

ते घरीच बघा. मोसंबीचा ताजा रस ग्लासात काढा, अर्धा प्या, अर्धा फ्रीजमध्ये ठेवा. काही तासांनी चाखा. कडू! ज्यूस सेंटरवाला ‘लगेच प्या’ म्हणतो ते उगाच नाही. मोसंबीच्या गरात एक बिनकडू पदार्थ असतो. फळ पिळलं की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं ‘लिमोनिन’ होतं. हे लिमोनिन कडू असतं, अगदी थोडं असलं तरी जिभेला कळतं. रस गरम केला तर हे आणखी लवकर होतं. संत्र्या-आंब्याच्या मानाने मोसंबीचा पॅकबंद रस दुकानात कमी दिसतो, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. बिअरमध्ये तर हॉप्सचा कडवटपणा आधीच असतो. त्यावर हा दुसरा कडूपणा, आणि यीस्टने साखर खाल्ल्यामुळे तो झाकायला गोडवाही नाही. शिवाय मोसंबीत लिंबासारखा आंबटपणा नसतो. थोडक्यात, रस टाकून हाती फारसं काही लागत नाही.

मग मोसंबीचा तो ‘मोसंबीपणा’ असतो कुठे? सालीत. साल दुमडून दाबली की जे बारीक फवारे उडतात ना, ते तेल. गंध तिथे आहे. फक्त वरचा रंगीत पापुद्रा घ्यायचा, खालचा पांढरा थर नाही, कारण तोही कडूच.

बेल्जियमचंच उदाहरण पुन्हा. तिथल्या हूगार्डन गावात गव्हाच्या बिअरची परंपरा 1950 च्या दशकात बंद पडली होती. पियर सेलिस नावाच्या दूधवाल्याने 1960 च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. त्या बिअरमध्ये फळाचा रस नसतो. संत्र्याची वाळलेली साल असते आणि सोबत, बसलाय ना नीट, धने! मोसंबीची साल आणि धने, दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात पडलेले. साल तर आपण फेकूनच देतो.

परवाना काढून असं काम करणारे आपल्या राज्यात आहेत. पुण्यात 2009 मध्ये ‘डूलॅली’ सुरू झाली तेव्हापासून तिथे छोट्या ब्रुअरीज रुजल्या. नाशिकमध्ये योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी ‘सेराना मीड्स’ काढलं. त्या मध आंबवून मीड बनवतात, त्यातलं एक जांभळाचं आहे. आणि हे शिकायला लांब जायलाच हवं असंही नाही. परभणीला कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, मुंबईच्या आयसीटीचा मराठवाड्याचा कॅम्पस तर थेट जालन्यातच आहे. मोसंबीच्या रसातला कडूपणा परवडणाऱ्या खर्चात कसा काढायचा, याहून चांगला प्रोजेक्ट इथल्या विद्यार्थ्याला कुठला मिळणार, सांगा.

तोपर्यंत सालीचा प्रयोग आल्याच्या फसफसत्या पेयावर करता येईल. बरणीत 2 कप उकळून गार केलेलं पाणी, 2 चमचे सालीसकट किसलेलं आलं, 2 चमचे साखर. फडकं बांधा. रोज आलं-साखर एकेक चमचा घाला आणि ढवळा. उन्हाळ्यात तीनेक दिवसांत, थंडीत आठवड्यात बुडबुडे दिसतील. बुरशी आली किंवा वास बिघडला तर फेकून द्या, चव बघत बसू नका. मग 1 लिटर पाण्यात 60 ग्रॅम साखर आणि बोटभर ठेचलेलं आलं उकळून पूर्ण गार करा. त्यात एका लिंबाचा रस, एका धुतलेल्या मोसंबीच्या सालीचे पातळ काप आणि बरणीतलं पाव कप पाणी गाळून घाला. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी गाळून बाटलीत भरा, वर चार बोटं जागा सोडा.

बाटली कोल्ड्रिंकची प्लास्टिकचीच घ्या. काचेची अजिबात नको. हिशेब करून बघा : 1 ग्रॅम साखरेतून साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. 60 ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर जवळपास 30 ग्रॅम, म्हणजे सुमारे 15 लिटर वायू, एका लिटरच्या बाटलीत! कोल्ड्रिंकच्या लिटरभर बाटलीत तो चार लिटरच्या आसपास असतो. म्हणजे काचेची बाटली बॉम्बच. प्लास्टिकची बाटली दाबून कळते : दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ही वेळ काही तासांतच येऊ शकते, त्यामुळे ‘कॉलेजहून आल्यावर बघू’ चालणार नाही. थंडीत यीस्ट सुस्तावतं, थांबत मात्र नाही, म्हणून दोन-तीन दिवसांत संपवा. या पेयातही किंचित अल्कोहोल तयार होतं, तेव्हा घरातल्या लहानग्यांना देऊ नका. आणि दिवसेंदिवस बाहेर आंबत ठेवलं तर ते वाढत जातं. मग तुम्ही वर सांगितलेल्या कायद्याच्या हद्दीत शिरलात.

मोसंबीचा रस हवाच असेल तर तो बाटलीत नाही, ग्लासात. प्यायच्या वेळी ताजा पिळा, कडू व्हायला वेळच मिळणार नाही. आणि झाकण बेसिनवर धरून उघडा, हळूहळू.