मांडवीतली एक रात्र : सव्वादोन टन ऊस

गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री आग लागली आणि २५ जण गेले. जयसिंगपूर, शिरोळ, सांगली या पट्ट्यात ती बातमी जरा दचकूनच वाचली गेली. डिसेंबर म्हणजे गोव्याचा महिना. निपाणीवरून आजरा, आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा या वाटेवर शनिवारी एमएच ०९ आणि एमएच १० च्या गाड्यांची रांग लागते. यंदा घरातून निघताना आई-वडिलांचा प्रश्न होता, ‘तुम्ही जाताय तेही तसलंच काय?’ आणि पोरांचं उत्तर ठरलेलं, ‘नाही हो, आमचं नदीत आहे.’

नदीत आहे म्हणून घोर नाही, हा तर्क मला काही पटत नाही. पण हे कॅसिनो पणजीच्या मांडवी नदीत का आहेत, ही गोष्ट मजेशीर आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचा हिशेब कळायचा नाही.

गोव्याचा जुगारविरोधी कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना मुभा मिळाली. १९९६ मध्ये आणखी एक फट ठेवली गेली. रूलेट, ब्लॅकजॅक असले टेबलावरचे खेळ चालतील, पण किनाऱ्यापासून दूर, जहाजावर. २००१ मध्ये ‘काराव्हेला’ हे पहिलं कॅसिनो जहाज आलं आणि ते खोल समुद्रात न जाता मांडवीत उभं राहिलं. मागून आलेल्यांनीही तोच कित्ता गिरवला. आज पणजीच्या दयानंद बांदोडकर मार्गावरून चालताना ‘डेल्टिन रॉयल’, ‘कॅसिनो प्राइड’, ‘बिग डॅडी’ यांचे दिवे इतके जवळ दिसतात की हाक मारली तर ऐकू जावी. आलिशानपणा, झुंबरं, लाल गालिचे हे सगळं नंतरचं. मुळात हे क्लब तरंगतात ते हौसेनं नव्हे, परवान्यासाठी. जमिनीवर आले की तो परवाना उरत नाही.

योगायोग असा की महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोंचं नियंत्रण आणि कर यांसाठी कायदा केला होता. तो मंजूर झाला आणि तसाच पडून राहिला. अंमल कधी सुरूच झाला नाही. अखेर २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. एकाच सालचे दोन कायदे. एकावर पणजीची अख्खी रात्र उभी राहिली, दुसऱ्यावर धूळ बसली. धूळ बसली तेच बरं, असं माझं मत आहे. पण आपली गिऱ्हाइकं त्यामुळे थांबली नाहीत, घाट उतरून गेली.

आमच्याकडे दरवर्षी कोणी तरी बोलून जातंच की उदगाव-अंकलीच्या पुलाखाली कृष्णेत असलं काही झालं तर काय बहार येईल! त्यांनी २०१९ चा ऑगस्ट आठवावा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. नृसिंहवाडीला नदी स्वतःच देवळात येते आणि आपण त्याचा दक्षिणद्वार सोहळा करतो. अशा नदीत जहाज कशाला बांधून ठेवणार? मांडवी पणजीपाशी पोचते तोवर निम्मी समुद्र झालेली असते. भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन मीटरचा, तोही वेळापत्रकाने येणारा. म्हणून तिथं जहाज वर्षभर एका जागी ठेवता येतं. अर्थात तिथंही पावसाळा पावसाळाच असतो. जुलै २०१७ मध्ये ‘लकी सेव्हन’ नावाचं कॅसिनो जहाज मांडवीत आणताना भरकटलं आणि मिरामारच्या वाळूत रुतलं. ते पुढे काही महिने तिथंच होतं. सहलीला आलेले लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायचे.

आता प्रत्यक्ष रात्र. धक्क्यावर तिकीट, ओळखपत्र, वय २१ पूर्ण. पुरुषांना अर्धी चड्डी आणि चप्पल चालत नाही. कापशी कोल्हापुरी कितीही भारी असली तरी ती गाडीतच ठेवावी. मग छोट्या फेरीबोटीने काही मिनिटांत जहाजावर. शनिवारी तिकिटाचा दर चढतो. त्यात जेवण, दारू, गाण्याबजावण्याचा कार्यक्रम आणि खेळायची काही कूपनं येतात. ही कूपनं एकदाच लावता येतात, त्यांची रोकड होत नाही. जेवण भरपूर असतं हे कबूल करायला हवं. पण ‘तिकीट वसूल झालं’ असं म्हणत माणूस टेबलाकडे वळतो आणि खरी वसुली तिथून सुरू होते.

रूलेटच्या चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ आकडे असतात. एका आकड्यावर लावून तो लागला तर एकाला पस्तीस मिळतात. खेळ बरोबरीचा असता तर छत्तीस मिळायला हवे होते. या एकाच्या फरकात जहाजाचा सगळा संसार चालतो. टक्केवारीत काढलं तर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे. फसवणूक नाही, चाकाला लोहचुंबक नाही, कोणी डोळा मारत नाही. नुसतं गणित.

पाचशे रुपयांचा एक डाव धरा. तासाला चाळीस डाव, पाच तास बसलात, म्हणजे दोनशे डाव आणि एक लाखाची उलाढाल. त्यात सरासरीने जहाजाचा वाटा २,७०० रुपये. एका रात्रीत कोणी चाळीस हजार जिंकेल, कोणी सगळं घालवेल, पण हजार माणसं बसवली की आकडा तिथंच येतो. आणि आपल्याकडे गावभर फिरते ती चाळीस हजारवाल्याचीच गोष्ट. हरलेला माणूस परतीच्या वाटेवर आंबोलीचं धुकं किती छान होतं ते सांगतो.

यंदा मात्र या गणितात जहाजापेक्षा मोठा खेळाडू येऊन बसला आहे. कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून थेट ४० टक्के झाला. आणि हा कर हरण्या-जिंकण्यावर नाही. ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स विकत घेताना भरलेल्या रकमेवरच तो लागतो. वीस हजारांच्या चिप्स घेतल्या तर कर झाला आठ हजार. न खेळता चिप्स परत केल्या तरी करात सूट नाही. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर नवा कर नाही, एवढीच काय ती दया. त्यावर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. म्हणजे वरची रात्र अशा वीस हजारांच्या चिप्सवर काढली, तर जहाजाला २,७०० आणि जीएसटीला ८,०००. जहाजमालक यातला काही भार स्वतःकडे घेतात, तिकिटात मिसळतात, सवलती काढतात. तरीही तो कुठून तरी वसूल होणारच.

जयसिंगपूर ऊस परिषदेचं गाव, म्हणून हा हिशेब उसातही मांडतो. २०२५-२६ च्या हंगामाची केंद्राची मूळ एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. आठ हजार म्हणजे सव्वादोन टन ऊस झाला, तोही तोडणी-ओढणी वजा न करता. आपण त्या परिषदेत विक्रमसिंह मैदानात टनामागे शंभर-दोनशेसाठी घसा फोडून बोलतो. त्याच ऊसबिलातला पैसा घेऊन गेलेला मुलगा एका रात्रीत दोन टन नुसते करात देऊन येतो आणि त्यावर कुठं चर्चा नाही. नाद खुळा असतो हे मान्य, पण निदान कुणाचा खिसा भरतोय एवढं तरी माहीत असावं.

गोव्याने आपली माणसं केव्हाच बाजूला काढली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, नोकरीला असतील ते वगळून. जहाजं मांडवीतून हलवण्याचं राजकारण त्याहून जुनं. विरोधात असताना मनोहर पर्रीकर कॅसिनोंवर तुटून पडत, सत्ता आल्यावर जहाजं तिथंच राहिली. त्यानंतरच्या सरकारांनीही मुदतवाढीमागून मुदतवाढ दिली. महसूल हवा, पण घरचा माणूस नासायला नको. धोरण म्हणून ते हुशारीचंच आहे. फक्त मग तिथं बसलेला माणूस कोल्हापूर, बेळगाव, हैदराबाद, गुजरातचा असणार हे उघड आहे, आणि त्याची काळजी पणजीतल्या कुठल्याच मतदाराला नाही.

म्हणून पुन्हा त्या पहिल्या प्रश्नाकडे, नदीत आहे म्हणून सुरक्षित का? हडफड्यात बंब आतपर्यंत पोचू शकले नाहीत, चिंचोळी वाट आड आली. जहाजावर तर वाटच नाही, फेरीबोट आहे. एका खेपेला तिच्यात किती माणसं मावतात आणि शनिवारी रात्री एक वाजता वर किती असतात, हे दोन आकडे जवळजवळ ठेवून पाहावेत. प्रवासी जहाजाची क्षमता ठरलेली असते, तपासणी होते, प्रमाणपत्र मिळतं. ते कागद बंदर कप्तानाच्या कार्यालयात असतात आणि गिऱ्हाइकाला तिकिटाच्या खिडकीवर दिसतो फक्त बुफेचा फलक. त्याच खिडकीवर क्षमता, शेवटच्या तपासणीची तारीख आणि लाइफ जॅकेटांची संख्या मराठी आणि कन्नडमध्ये लावा, अशी मागणी आपल्या सीमाभागातल्या आमदारांनी गोवा सरकारकडे करायला हवी. मतदार आपलेच आहेत, आणि एकतीस डिसेंबरला अजून वेळ आहे.